रुखवतातली रिबिनीची फुलं

पडदा गोणपाटाचा आहे, कडेनं जुन्या साडीचा काठ शिवलेला. जुन्नरच्या बाजारपेठेमागच्या बोळात दुपार कलते, कोंबड्या भिंतीच्या सावलीला जाऊन बसतात, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की तो पडदा आपला आपणच बाजूला सरतो. आत एक खोली. खोलीत आडवी दोरी आणि दोरीवर रिबिनी: लाल, राणी, पोपटी, मोतिया, आणि एक निळी, पाऊस सरून गेल्यावर शिवनेरीच्या डोक्यावर उरते तसली. झरोक्यातलं ऊन एकेका रिबिनीवरून घसरत खाली येतं आणि खाली बसलेल्या बाईच्या हातांवर थांबतं.

हात नाजूक नाहीत. बोटं चपटी, अंगठा रुंद. जन्मभर दुसऱ्यांच्या मनगटात बांगड्या चढवणाऱ्या बाईचे हात. पण ते हलू लागतात तेव्हा बघावं. डाव्या बोटांवर रिबीन एकदा इकडून येते, एकदा तिकडून, मध्ये चिमटीत धरली जाते, पुन्हा इकडून, पुन्हा तिकडून. दातात धरलेला दोरा गाठीभोवती फिरतो. मग ओलं लुगडं झटकावं तसा ती हात झटकते, आणि चिमटीतून फूल उमलतं. पाकळीवर पाकळी, मधोमध गाठ, खाली दोन शेपट्या. शेपट्यांची टोकं ती तिरकी कापते आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवते, म्हणजे धागे सुटत नाहीत. एवढं सगळं होईस्तोवर बाहेर एखादी कोंबडी फार तर या पायावरून त्या पायावर झालेली असते.

ही जहाँआरा. जलाल मणियाराची बायको. जलालची कटलरीची गाडी ओतूर, नारायणगाव, मंचर असे आठवडे बाजार फिरायची. कंगवे, टिकल्या, पावडरी, रिबिनी. जहाँआरा बांगड्यांची टोपली घेऊन लग्नाच्या घरी जायची. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या कितीतरी नवऱ्या मुलींचा हिरवा चुडा तिच्या हातून भरला गेला. 'हात सैल सोडा' म्हणायची तिची एक पद्धत होती. ते ऐकून रडणारी मुलगीसुद्धा हात तिच्या मांडीवर टाकायची.

फुलं करायला तिला कुणी शिकवलं नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी जलालनं पुण्याहून बोहरी आळीतला माल आणला. त्यातल्या एका खोक्यावर रिबिनीचं फूल बसवलेलं होतं. जलालला ते तसंच गाडीवर टांगायचं होतं. त्यानं पाठ फिरवली आणि हिनं ते सोडलं.

"काय केलंस हे?" जलाल ओरडला.

"आत काय हाय ते बघितलं."

"काय हाय मग?"

"काहीच न्हाई," ती हातातल्या सरळ रिबिनीकडे बघत म्हणाली. "एवढं मोठं फूल, आणि आत काहीच न्हाई. नुसती घडी."

ती घडी तिनं रिबिनीवर उरलेल्या चुण्यांवरून परत बसवली. तेव्हापासून ती फुलं करत राहिली.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला आपल्याकडच्या लग्नांत रुखवताला फार रंग चढला. पूर्वी रुखवत म्हणजे लाडू, करंज्या, कुरडयांच्या पाट्या. आता त्यात थर्मोकोलचा बंगला आला, लोकरीचे पोपट आले, काड्यापेटीच्या काड्यांची बैलगाडी आली. आणि सगळ्यावर रिबिनीची फुलं हवीत. नारळाला फूल, कळशीला फूल, पापडाच्या चवडीलासुद्धा फूल. मांडवात सगळं मांडायचं, वर चादर टाकायची, आणि नवऱ्याकडच्या बायका आल्या की चादर ओढायची. बायका वाकून वाकून बघणार, नाकं मुरडणार, कौतुक करणार. नवरीच्या आईनं तेव्हा एकच वाक्य म्हणायचं असतं: "समदं आमच्या पोरीनं केलंय बरं का, तिच्या हातानं."

आता शाळा, मळा, भांगलण आणि कांद्याची काढणी यांतून कुठल्या पोरीला इतकी फुलं करायला सवड होती? मग आया जुन्नरला यायच्या. बांगड्या बघायचं निमित्त करून बसायच्या, आवाज खाली घ्यायच्या. आणि लग्नाच्या घरी जहाँआराची टोपली जायची ती अशी: वर हिरव्या बांगड्यांच्या पेट्या, खाली धुतल्या फडक्यात गुंडाळलेली फुलं. टोपली माजघरात जायची, फडकं तिथंच राहायचं. पुढं मांडवात कुणी तिला विचारलंच, "भाभी, बघितलं का रुखवत?" तर ती म्हणायची, "बघितलं की. लई सुरेख." यात खोटं काहीच नव्हतं.

जलालला हे आवडायचं नाही.

"गाडीला पाटी लावतो," तो म्हणायचा. "जहाँआराची फुलं. लाल अक्षरांत."

"लावा. दुसऱ्या दिवसापासनं एक बाई यायची न्हाई."

"मग तुझं नाव कधी कळायचं लोकांना?"

"नाव घेऊन काय करू?"

"नावाचं जाऊ दे. तू फूल करताना दिसतेस कशी, ते तरी बघू दे की त्यांना."

यावर ती पदर तोंडाला लावायची. पण जलालनं नेमकं बोट ठेवलं होतं. हात चालत असताना तिच्या डोळ्यांसमोर एक चित्र यायचं. मोकळं मैदान, जत्रेतलं असावं असं, पण आवाज नाही. मधोमध ती बसलेली. भोवती लोकच लोक, मांडी घालून, पोरं खांद्यावर घेऊन. ती हात झटकते, फूल उमलतं, आणि त्या सगळ्यांचा श्वास एकदम आत जातो. टाळी नाही, काही नाही. फक्त तो श्वास. मग पडदा हलायचा, कुणीतरी 'भाभी, हाय का घरात?' म्हणायचं, आणि मैदान विरून जायचं.

आरती त्याच दिवसांतली. ओतूरच्या वाटेवरच्या मळ्यातली लाजरी मुलगी. तिच्या रुखवताची फुलं जहाँआराचीच. ओतूरला ठमाबाईंच्या घरात ती थोरली सून म्हणून गेली, आणि सहा महिन्यांत एकटीच परत त्या पडद्याशी येऊन उभी राहिली.

"भाभी, अजून फुलं पायजेत."

"आता कशाला गं? लग्न झालं की."

"सासूबाईंनी समद्या गावाला सांगितलंय. गौरीला फुलं, हळदीकुंकवाला फुलं. मी म्हनलं, माहेरी निवांत बसून करून आणते."

जहाँआरा हसली. तिनं रिबीन पुढं केली. "शीक मग. बस हितं."

आरती बसली. एक दुपार बसली, दुसरी बसली. पण तिच्या बोटांना घाम यायचा, चिमटी सुटायची, पाकळ्या मांडीवर पडायच्या. शेवटी ती रडायलाच लागली.

"माझी भाकर फुगत न्हाई, भाभी. गाय मला जवळ येऊ देत न्हाई. चारचौघांत बोलायला तोंड उघडत न्हाई माझं. त्या घरात माझं काही धड न्हाई. पन फुलं करते म्हनून सासूबाई माझं नाव घेतात. पाव्हण्यांना बोलवून दाखवतात. एवढं एकच नाव हाय मला तिथं. ते गेलं तर मी कुठं उभी ऱ्हाऊ?"

जहाँआरानं तिच्या हातातली चुरगळलेली रिबीन काढून घेतली आणि मांडीवर सरळ केली. "न्हाई जायचं," ती म्हणाली. "माझ्याकडनं तरी न्हाई जायचं."

तो शब्द तिनं वर्षानुवर्षं पाळला. आरती सणासुदीला यायची, फडकं घेऊन जायची. ओतूरला ठमाबाईंच्या घरी आरशाला फूल, देव्हाऱ्याला फूल, टीव्हीच्या कव्हराला फूल. ठमाबाई सांगायच्या, "आमच्या थोरलीचा हात म्हंजी काय विचारू नका." जहाँआरा त्या घरात कधी गेली नाही. मुद्दामच.

पुढं बाजारात तयार फुलं आली. दोरा ओढला की उघडणारी, पाठीला डिंक लावलेली, प्लास्टिकच्या पाकिटातली. जलालनंही ती गाडीवर टांगली, मान खाली घालून. दोरीवरच्या रिबिनी कमी होत गेल्या. पण पारगावचं लग्न झालं ते त्याच्या आधी, रुखवताला अजून हाताची फुलं लागत होती तेव्हा.

माघाचा महिना होता. साखर कारखान्याचा हंगाम भरात, हवेत मळीचा गोड, आंबूस वास, आणि रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या एकामागून एक, झोपेत चालल्यासारख्या. साळुबाईंच्या तेजस्विनीचं लग्न. फुलांची ऑर्डर साळुबाई स्वतः येऊन देऊन गेल्या होत्या. "पावणं ओतूरचं हायेत," एवढंच म्हणाल्या. ओतूर केवढं मोठं गाव. तिथं काय एक का घर आहे? जहाँआरानं पुढं विचारलं नाही. अकरा-बारा वर्षांत विचारायची वेळ आली नव्हती, आणि त्या एका दिवशी ती विचारायला चुकली.

साळुबाईंना हौस मोठी. नवरीचा चुडा आदल्या दिवशीच भरला होता, पण वऱ्हाडातल्या बायकांनाही मांडवात बसवून बांगड्या भरायच्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जहाँआरा मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजीवर टोपली घेऊन बसली होती. शेजारीच रुखवत, त्यावर फुलाफुलांची चादर. मांडवाचं कापड लाल-पिवळ्या पट्ट्यांचं. त्यातून झिरपलेल्या उजेडात येणारी जाणारी माणसं गुलालात बुडाल्यासारखी दिसत होती. नवरी आत गौरीहराशी बसलेली. बाहेर बँडवाले अजून वाद्यं पुसत होते.

वऱ्हाड आलं. बायका आल्या. पुढं नवऱ्या मुलाची आई म्हणून ठमाबाई, नऊवारीचा ओचा सावरत; त्यांच्यामागं त्यांची नणंद भागूआत्या, जिच्या जिभेला दोन्ही तालुके घाबरायचे; आणि तिच्यामागं, कपाळावर घामाचे थेंब, आरती.

आरतीनं जहाँआराला बघितलं. जहाँआरानं आरतीला. आणि त्याच वेळी साळुबाईंनी हसत हसत चादर ओढली.

नारळावर, कळशीवर, बंगल्याच्या दारावर, चवडीचवडीवर फुलं. लाल, राणी, मोतिया. पाकळीवर पाकळी, दोन शेपट्या, टोकं तिरकी.

"समदं आमच्या तेजूनं केलंय बरं का," साळुबाई म्हणाल्या. "तिच्या हातानं."

ठमाबाई वाकल्या. एक फूल त्यांनी उचललं, उलटं केलं, गाठ बघितली. रोज देव्हाऱ्यात तेच बघत होत्या त्या.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "हे तर आमच्या थोरलीच्या हातचं!"

"आत्ता गं बाई," साळुबाईंचा चेहरा उतरला. "न्हाई न्हाई. तेजूच्याच हातचं."

"तसंच हाय की पन हुबेहूब. आरती, ये हिकडं. बघ, हाय का न्हाई?"

आरतीनं एक हात पदराआड घेतला.

"मी काय म्हनते वैनी," भागूआत्या पुढं सरकली, "नवरी गौरीहराशी बसलीये, तिला काय उठवता येत न्हाई. पन थोरली तर हितंच हाय. करू दे की एक. शेजारी ठेवू. म्हंजी कळंल कुनाचा हात सरस."

"हां, कर गं आरती!" बायकांनी कोंडाळं केलं. कुणीतरी रुखवताखालून उरलेली लाल रिबीन काढली. ती आरतीच्या दिशेनं येऊ लागली, या हातातून त्या हातात.

जहाँआरानं बसल्या जागेवरून हात लांब केला आणि आरतीचं मनगट धरलं.

"आधी बांगड्या," ती म्हणाली. "थोरल्या जावेचा हात मोकळा? बसा, आरतीबाई." आणि आरती बसायच्या आत पहिली बांगडी तिच्या अंगठ्यापर्यंत आली होती. काच हाताच्या सांध्यावर असताना हात हलवायचा नसतो हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. दुसरा हात आरतीनं भीतीनं पदरात गुंडाळून ठेवला होता.

बायका 'बरं बरं' म्हणून थांबल्या. भागूआत्या थांबली नाही. तिची नजर टोपलीवर गेली होती.

"भाभी, तुमच्या टोपलीतनं रिबिनीचं शेपूट लोंबतंय."

"रिबिनी विकतो आमी, आत्या. मालकाची गाडीच हाय."

"हां. विकता तर करता बी येत असंल." भागूआत्यानं सगळ्यांकडे बघून डोळे मिचकावले. "काय गं, माझं तर म्हननं हाय, दोघींचं दुकान एकच! ही बघा दुकानदारीण."

बायका हसल्या, पण त्या हसण्याच्या तळाशी संशयाची चाहूल होती. साळुबाई पांढऱ्या पडल्या. ठमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं फूल बघितलं, मग आरतीला बघितलं. अकरा-बारा वर्षांची हळदीकुंकवं त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावीत. मग त्यांनी रिबीन घेतली आणि जहाँआरासमोर धरली.

"करा भाभी," त्या सावकाश म्हणाल्या. "बघू द्या आमाला."

जहाँआरानं आरतीचा हात मांडीवर ठेवला. रिबीन घेतली.

आणि मग ते मैदान आलं. खरंच आलं. भोवती बायकाच बायका, पोरं कडेवर घेतलेली, मागच्या बायका टाचा उंचावून उभ्या. मांडवातला गुलाबी उजेड. आवाज नाही. बँडवालेसुद्धा गप्प. मधोमध ती बसलेली. रिबीन हाताला लागताच बोटं आपली आपण निघाली. एक पाकळी इकडून, एक तिकडून, चिमटी, पुन्हा इकडून. तिसरी पाकळी चढली तेव्हा समोरच्या एका तरण्या मुलीचं तोंड उघडं पडलं. एक झटका बाकी होता. एवढा एक झटका, आणि त्या सगळ्यांचा श्वास आत गेला असता. जहाँआराला तो श्वास कानात ऐकूही आला.

मांडीवरचा आरतीचा हात थंडगार होता. अंगठ्यापाशी अडकलेली बांगडी बारीक किणकिणत होती.

जहाँआरानं चिमटी सोडली. मुद्दाम नाही, सुटल्यासारखी. पाकळ्या पडल्या. ती 'अरे' म्हणाली, पुन्हा घेतलं, या वेळी चकाकती बाजू आत आणि निस्तेज बाजू बाहेर. एक पाकळी वीतभर ओढली, दुसरी गाठीतच गिळली. दोरा नको तिथं गुंडाळला. फार अवघड गेलं तिला. ज्या बोटांनी जन्मात वाकडं केलं नव्हतं त्यांना प्रत्येक वळणावर मागं ओढून धरावं लागत होतं. नटानं पाठ असलेलं गाणं बेसूर म्हणावं, आणि ते खरं वाटावं इतकं बेसूर म्हणावं, हे काम सूर लावण्याहून कितीतरी कठीण. कपाळाला घाम आला. शेवटी तिनं हात झटकला.

रिबीन लोंबकळली. एक कान वर, एक कान खाली.

मग भागूआत्याच पहिली फुटली.

"अरारारा! भाभी, हे काय? शेळीचा कान केलात का काय?"

आणि सगळा मांडव हसला. साळुबाई हसल्या, पोरं हसली, बँडवाले मान काढून बघू लागले. "शेळीचा न्हाई गं, बकऱ्याचा!" "बकऱ्याचा बी बरा असतोय!" ठमाबाईंच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं; खांद्यावरून पाटी उतरावी तसं. त्यांनी ते वेडंवाकडं फूल हातात घेतलं, रुखवतातल्या फुलाशेजारी धरलं, आणि त्याही हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"राहू द्या भाभी," त्या म्हणाल्या. "तुमचा हात आपला बांगड्यातच बरा."

"व्हय की," जहाँआराही हसत होती.

"आनि भागू, तुझी जीभ आवर. इहीणबाई, मनावर घेऊ नका हिचं. आवं, एका वळणाच्या दोन सुना मिळाल्या आमाला. नशीब लागतंय." असं म्हणून ठमाबाईंनी आरतीच्या पाठीवर हात फिरवला, सगळ्यांदेखत.

बँड वाजू लागला. मुहूर्त जवळ आला तशा बायका अक्षतांसाठी पुढं सरकल्या. भागूआत्या जाता जाता अजून बघत होती, पण हसत होती. कोंडाळं फुटलं, आणि मांडवाच्या त्या कोपऱ्यात सतरंजीवर दोघीच उरल्या.

आरतीनं मान वर केली नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी जहाँआराच्या मनगटावर पडत होतं. शेळीच्या कानाचं फूल तिथंच सतरंजीवर पडलेलं होतं. जहाँआरानं ते बाजूला सारलं, पेटीतून पुढची हिरवी बांगडी काढली, आणि आरतीची घट्ट मिटलेली बोटं आपल्या रुंद अंगठ्यानं एकेक करून उघडली.

"हात सैल सोडा, आरतीबाई. अजून बांगड्या राहिल्यात."